दांडगाईचे पदार्थविज्ञान

फुटबॉलच्या प्रत्येक संघात एक तरी असा गडी असतो, की त्याच्याकडे नुसते पाहूनच समोरच्या संघातल्या पोरांच्या पोटात गोळा येतो. बहुधा तो बचाव फळीत असतो. उंचापुरा, रुंद खांद्यांचा आणि अंगावर धावून येणारा. कोणी चेंडू घेऊन त्याच्या बाजूला वळला, की कडेला उभे असलेले प्रेक्षक "आता गेला बिचारा!" म्हणून मोकळे होतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाहा, गोव्यातल्या एखाद्या गावच्या मैदानावर पाहा, नाहीतर तुमच्या शाळेच्या पटांगणावर पाहा. हा गडी तुम्हांला सगळीकडे भेटेल. त्याच्या खेळाला आपण मराठीत ‘धसमुसळा खेळ’ असे नेमके नाव दिले आहे.

अशा खेळाविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की फुटबॉल हा मर्दानी खेळ आहे, त्यात लागायचेच. ज्याला भीती वाटते त्याने कॅरम खेळावा. दुसरे मत असे, की अंगाला अंग लागता कामा नये. लागले की पंचाने शिट्टी वाजवावी. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून ह्या वादाचा निवाडा न्यूटनच्या नियमांकडे सोपवून पाहावा असे माझ्या मनात आले. गंमत अशी, की फुटबॉलच्या नियमपुस्तकाने कोणत्या धडकेला परवानगी दिली आहे आणि कोणत्या धडकेला नाही, हे पाहिले तर त्यामागे शाळेच्या क्रमिक पुस्तकातलेच पदार्थविज्ञान सापडते.

प्रथम धिप्पाड गड्याची बाजू घेऊ. समजा, ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा एक मुलगा आणि ४० किलोग्रॅम वस्तुमानाचा दुसरा मुलगा समोरासमोरून, प्रत्येकी सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत येऊन एकमेकांवर आदळले. हिशेब सोपा व्हावा म्हणून असे धरू, की टक्कर झाल्यावर ते वेगळे न होता एकत्रच पुढे सरकतात. मोठ्या मुलाचा संवेग ६० गुणिले ५, म्हणजे ३००; लहान मुलाचा विरुद्ध दिशेने ४० गुणिले ५, म्हणजे २००. वजाबाकी १००. आता हा १०० संवेग दोघांच्या मिळून १०० किलोग्रॅम वस्तुमानात वाटला गेला, म्हणजे दोघेही सेकंदाला १ मीटर वेगाने मोठ्या मुलाच्या दिशेने सरकतील. मोठ्याचा वेग ५ चा १ झाला. फरक ४ मीटरचा. लहान्याचा वेग ५ चा शून्य होऊन वर उलट दिशेने १ झाला. फरक ६ मीटरचा.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघांवर सारखेच बल लागले. तरी त्याचा परिणाम सारखा झाला नाही. ४ आणि ६ ह्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायचा असेल, तर असे विचारा : एवढा वेग यायला किती उंचीवरून पडावे लागेल? उत्तर असे, की मोठ्या मुलाला सुमारे ८० सेंटिमीटरवरून, म्हणजे एखाद्या टेबलावरून पडून थांबल्यासारखा हिसका बसला, तर लहान मुलाला सुमारे १८० सेंटिमीटरवरून, म्हणजे चांगल्या उंच माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून पडल्यासारखा. तेव्हा "दोघांनाही सारखेच लागले की!" असे जो मोठा मुलगा म्हणतो, त्याने तिसरा नियम वाचला आहे, पण दुसरा वाचायचा राहिला आहे.

वजनाचा फायदा खरा आहे, हे तर सिद्ध झाले. मग सगळे मोठे फुटबॉलपटू मल्लांसारखे का नसतात? अर्जेंटिनाच्या डिएगो मॅराडोनाची उंची १६५ सेंटिमीटर होती. फ्रान्सचा एन्गोलो कांटे सुमारे १६८ सेंटिमीटर उंचीचा. तो तर प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेण्यासाठीच प्रसिद्ध झाला आणि २०१८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. ह्याचे कारण असे, की टक्कर जिंकण्यासाठी आधी टक्कर व्हावी लागते आणि चपळ खेळाडू ती होऊच देत नाही.

धावता धावता वळायचे असेल, तर जमिनीने बुटाला बाजूने ढकलावे लागते. वजन जास्त म्हणून जमिनीची पकड जास्त मिळते हे खरे, पण वळवायचे वस्तुमानही त्याच प्रमाणात जास्त असते. म्हणजे इथे वजनाचा फायदा आणि तोटा एकमेकांना छेद देऊन जातात. मग प्रश्न उरतो स्नायूंचा. एकाच ठेवणीची दोन शरीरे घ्या. एकाची उंची दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांनी जास्त आहे. स्नायूचे बल त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणून ते १.१ चा वर्ग, म्हणजे २१ टक्क्यांनी वाढेल. वजन मात्र घनफळावर अवलंबून, म्हणून ते १.१ चा घन, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढेल. मोठ्याचे बल जास्त खरे, पण स्वतःचाच भार वळवताना ते अपुरे पडते. शिवाय बुटक्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असतो. आगपेटी उभी ठेवून टिचकी मारा आणि मग आडवी ठेवून मारा. कोणती चटकन कोलमडते ते पाहिलेत, की हा मुद्दा वेगळा सांगायला नको.

आता खऱ्या मैदानाकडे वळू. २९ जून १९८२ रोजी बार्सिलोना येथे विश्वचषक स्पर्धेत इटली आणि अर्जेंटिना यांचा सामना झाला. मॅराडोनाला अडवण्याचे काम इटलीच्या क्लाउदिओ जेंतिले ह्या बचावपटूकडे होते. त्या दिवशी जेंतिले सावलीसारखा त्याला चिकटून राहिला. ढकलणे, सदरा ओढणे, घोट्यावर लाथ मारणे, सर्व प्रकार झाले. त्या एका सामन्यात मॅराडोनाविरुद्ध २३ वेळा नियमभंग, म्हणजे फाऊल झाल्याची नोंद आहे. जेंतिलेला फक्त पिवळे कार्ड मिळाले. इटलीने सामना २-१ असा जिंकला आणि पुढे विश्वचषकही जिंकला. फुटबॉल काही बॅले नर्तिकांसाठी नसतो, अशा अर्थाचे जेंतिलेचे उत्तर पुढे फार गाजले.

इथे आपण प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दांडगाईचा उपयोग झाला. "दांडगाईने कधी कोणी जिंकत नाही" असे सुभाषित मुलांना ऐकवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तो विजय जेंतिलेच्या वजनाने मिळालेला नव्हता. वारंवार बसणाऱ्या लहानसहान धक्क्यांनी खेळाडूची लय मोडते, हे एक. आणि दुसरे, लाथ बसणार हे ठाऊक असले, की खेळाडूचे डोळे चेंडूवरून निघून समोरच्याच्या पायाकडे जातात. चेंडू तो अर्धा सेकंद आधीच सोडून देतो. सेकंदाला ६ मीटर धावणाऱ्या गड्याच्या बाबतीत अर्धा सेकंद म्हणजे ३ मीटर जमीन! भीतीने बचावपटूला ती फुकट मिळवून दिली. दांडग्या खेळाडूचे खरे हत्यार हे आहे, आणि ते चालते की नाही हे पंच त्याची किती किंमत वसूल करतो त्यावर ठरते. २३ फाउलांची किंमत एक पिवळे कार्ड एवढीच असेल, तर हिशेबी माणूस फाउलच करणार.

मग कोणती धडक रास्त आणि कोणती गैर? फुटबॉलच्या नियमात खांद्याला खांदा लावून, चेंडू खेळण्याच्या अंतरात असताना दिलेली रेटारेटी चालते. पण तीही बेफिकीर किंवा अति जोराची असता कामा नये. बेफिकीर असली तर फ्री किक, बेदरकार असली तर पिवळे कार्ड, आणि अति जोराची किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी असली तर लाल कार्ड, अशी चढती भाजणी आहे. आपल्या ६० आणि ४० किलोग्रॅमच्या मुलांना पुन्हा बोलवू. समोरासमोरच्या टकरीत त्यांचा एकमेकांच्या तुलनेतला वेग सेकंदाला १० मीटर होता, आणि प्रत्येकाच्या संवेगात २४० एककांचा बदल झाला. आता ते दोघे एकाच दिशेने, शेजारी शेजारी धावत आहेत आणि बाजूने एकमेकांकडे सेकंदाला केवळ १ मीटर वेगाने सरकून खांदा भिडवतात. संवेगातला बदल २४, म्हणजे दहावा हिस्सा. टकरीत शरीरांना पचवावी लागणारी ऊर्जा पहिल्या वेळी १,२०० ज्यूल होती, ती आता १२ ज्यूल; शंभरावा हिस्सा! हा खांदेरेटा नियमाने मान्य केला, त्यात खेळाडूंचे लाड नाहीत आणि क्रौर्यही नाही. दोघे एकमेकांना पाहत असतात, स्नायू ताठ करून तयार असतात, आणि वजनदार गड्याला त्याच्या वजनाचा रास्त फायदाही मिळतो.

ह्याउलट मागून पाय घालण्याचे पाहा. धावणाऱ्याचा एक पाय ज्या क्षणी जमिनीवर टेकलेला असतो, त्या क्षणी बुटाच्या तळाचे स्टड मातीत रुतलेले असतात आणि सगळा भार त्या पायावर असतो. तो पाय हवेत असता, तर धक्का लागताच बाजूला गेला असता. धक्क्याचा काळ वाढला असता आणि बल कमी झाले असते. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे घेतो तो ह्याचसाठी. रुतलेला पाय मागे घेता येत नाही, आणि मागून येणारा दिसत नसल्यामुळे स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही. घोटा आणि गुडघा सगळा हिसका सोसतात. २४ सप्टेंबर १९८३ रोजी बार्सिलोनाकडून खेळणाऱ्या मॅराडोनाचा घोटा असाच मागून आलेल्या धडकेत मोडला. धडक देणारा होता अ‍ॅथलेटिक बिल्बाओचा आंदोनी गोइकोएचेआ. त्यानंतर ‘बिल्बाओचा खाटीक’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. मॅराडोना तीन महिन्यांहून अधिक काळ खेळू शकला नाही.

दोन्ही पाय उचलून, उडी मारून केलेला हल्ला तर आणखी वाईट. तुम्ही म्हणाल, जमिनीवरून काय आणि हवेतून काय, धडक ती धडकच. पण न्यूटनचा पहिला नियम आठवा. हवेत असलेल्या माणसाला आडव्या दिशेने ढकलणारे बाहेरचे बल नसते. म्हणून जमिनीला किंवा कशाला तरी टेकेपर्यंत त्याला आपला वेग कमी करता येत नाही आणि दिशाही बदलता येत नाही. शेवटच्या क्षणी चेंडू निघून गेला, समोरच्याचा पाय मध्ये आला, तरी त्याला थांबता येणार नाही. उडी मारताक्षणीच तो खेळाडू राहिला नाही. सोडलेला दगड झाला. त्यात बुटांचे तळवे पुढे असतील तर दाबाचाही विचार करा. तेच बल खांद्याच्या १०० चौरस सेंटिमीटरवर पसरण्याऐवजी दोन स्टडांच्या २ चौरस सेंटिमीटरवर आले, तर दाब पन्नासपट होतो. नडगीवर बांधायचे पॅड खेळाडूंना सक्तीचे केले आहेत ते हा दाब पसरवण्यासाठीच.

८ जुलै १९८२ रोजी सेव्हिल येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक हाराल्ड शूमाखर असाच उडी घेऊन फ्रान्सच्या पात्रिक बातिस्तोंवर आदळला. बातिस्तोंचे लक्ष चेंडूकडे होते. तो बेशुद्ध पडला, त्याचे दात पडले, मणक्याला इजा झाली. पंचाने साधा फाऊलसुद्धा दिला नाही. तो सामना जर्मनीने पेनल्टी किकांवर जिंकला.

खेळाच्या नियमांचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की प्रत्येक सुधारणा कोणाचे तरी हाड मोडल्यावरच झाली आहे. १९६२ साली सांतियागो येथे चिली आणि इटली यांच्या सामन्यात उघड मारामारी झाली. त्या सामन्याचे पंच होते इंग्लंडचे केन अ‍ॅस्टन. १९६६ साली इंग्लंडमध्ये ब्राझीलच्या पेलेला बल्गेरियाच्या आणि पुढे पोर्तुगालच्या खेळाडूंनी लाथा घालून घालून जायबंदी केले. तेव्हा बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. जगातला सर्वांत मोठा खेळाडू मैदानात लंगडत राहिला आणि ब्राझील पहिल्याच फेरीत बाहेर पडले. १९७० च्या विश्वचषकात बदली खेळाडूंची सोय झाली आणि रहदारीच्या दिव्यांवरून अ‍ॅस्टन यांना सुचलेली पिवळी व लाल कार्डेही आली. नेदरलँड्सचा मार्को व्हॅन बास्टेन घोट्याच्या दुखापतींमुळे १९९३ नंतर, म्हणजे वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षानंतर, अधिकृत सामना खेळू शकला नाही. त्यानंतर १९९८ च्या विश्वचषकात मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड देण्याचा आदेश निघाला. २०१८ पासून विश्वचषकात पंचाच्या मदतीला चित्रफितही आली. किंमत वाढत गेली तसा जेंतिलेचा हिशेब तोट्याचा होत गेला.

"अशाने खेळ मिळमिळीत होईल" असे म्हणणाऱ्यांना मी दोन नावे सांगेन. १९७० साली इंग्लंडच्या बॉबी मूरने वेगाने अंगावर येणाऱ्या ब्राझीलच्या जाइर्झिन्योच्या पायातून चेंडू असा अलगद काढून घेतला, की ते टॅकल आजही उदाहरण म्हणून दाखवले जाते. आणि २००६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीचा कर्णधार फाबिओ कान्नावारो पाहा. मध्य बचावपटू, उंची फक्त १७६ सेंटिमीटर. संपूर्ण स्पर्धेत त्याला एकही कार्ड मिळाले नाही. त्याच्यासमोर खेळताना आघाडीच्या गड्यांना धाक वाटत नव्हता असे कोण म्हणेल? पण तो धाक त्याच्या अचूक वेळेचा होता. चेंडू कोठे येणार हे त्याला आधी कळे, आणि जो आधी पोचतो त्याला आदळावे लागत नाही. ह्याला मी कणखरपणा म्हणतो.

आपल्याकडेही कणखरपणाचे मोठे उदाहरण आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याला आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांना २-१ असे हरवले. सैनिकांच्या पायांत बूट होते. बागानच्या अकरांपैकी दहाजण अनवाणी होते. अनवाणी पायाला बुटाची भीती वाटणे किती स्वाभाविक आहे, हे वरचा दाबाचा हिशेब केलेल्या वाचकाला सांगायला नको. ते लोक भीती बाजूला ठेवून चेंडूकडे पाहत खेळले.

आता आपल्या शाळांविषयी. आपल्याकडे संघ वयावरून पाडतात. १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील असे. पण १३-१४ हे वय असे आहे, की एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि त्याच्या शेजारी बसणारा अजून लहान मूल दिसत असतो. आपली ६० आणि ४० किलोग्रॅमची जोडी मी कल्पनेतून काढलेली नाही. तुमच्या वर्गात नजर टाका, ती सापडेल. अशा संघात मोठ्या मुलाला निवडणे शिक्षकांना सोपे जाते, कारण सामना आज जिंकायचा असतो. त्यात दोघांचेही नुकसान होते. लहान मुलगा मार खाऊन किंवा बाकावर बसून बसून मैदान सोडतो. मोठा मुलगा अंगाच्या जोरावर जिंकत राहतो आणि कौशल्य शिकायचे राहून जाते. चार वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे झाले, की त्याच्याजवळ काहीच उरत नाही. २०१५ च्या सुमारास इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या बाल-प्रशिक्षण केंद्रांनी काही सामन्यांत मुलांचे गट वयाऐवजी शारीरिक वाढीवरून पाडून पाहिले. लवकर वाढलेल्या मुलांना तेथे डोके आणि कसब वापरावे लागले, उशिरा वाढणाऱ्यांना आपला खेळ दाखवता आला. क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे, की स्पर्धांचे नियम बदलेपर्यंत निदान सरावाच्या वेळी तरी, आठवड्यातून एक दिवस, वजनकाट्यावरून संघ पाडून पाहावेत. कुस्तीत आपण वजनी गट मानतो. चिमण्या मल्लाला कोणी हिंदकेसरीशी भिडवत नाही. फुटबॉलच्या सरावाला एवढी शहाणीव परवडेल.

आणि जो मुलगा स्वतःच तो धिप्पाड गडी असेल, त्यालाही दोन शब्द सांगतो. बाबा रे, तुझ्या अंगाचा तुझ्याकडे काही दोष नाही. लोक तुला "आडवा कर त्याला" म्हणून चिथावतील; त्यांचे ऐकू नकोस. खांद्याला खांदा खुशाल लाव, तो तुझा हक्क आहे. मात्र मागून जाऊ नकोस, आणि चेंडू काढताना एक पाय जमिनीवर ठेव. जमिनीवर पाय असेल तोवरच तुला थांबता येते.